पोराचा हात साफ आहे, पण ट्रॉलीला दिवा नाही

प्रश्न : आमचं गाव राधानगरी रस्त्याला, हळदीच्या पुढं. थोरला मुलगा एकवीस वर्षांचा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, जायला पंचवीसेक किलोमीटर आणि यायला तेवढंच. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे बारा वाजून जातात. १६० सीसीची गाडी आहे, मोकळा रस्ता दिसला की काटा ऐंशीच्या खाली येत नाही. मी बोलले की आमचे हे म्हणतात, ‘त्याचा हात साफ आहे. अपघात करतात ते उसाचे ट्रॅक्टरवाले, वडापच्या शेअर जीपवाले, कर्नाटकातले केए पासिंगवाले आणि तुमच्यासारख्या बायका.’ मी स्वतः सात वर्षं स्कूटरवरून कोल्हापुरात पतसंस्थेत जाते. रंकाळ्याजवळ आले की मागून हॉर्न वाजवून वाजवून लोक जीव नकोसा करतात. स्कूटर सोडून एसटीनं जावं असं हल्ली वाटायला लागलंय. धाकटा अकरावीत आहे, तो संध्याकाळी माझीच स्कूटर घेऊन क्लासला जातो. थोरल्याला कसं समजवायचं? आणि ह्यांचं म्हणणं खरं मानायचं का?
– एक आई, करवीर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांची यादी सगळीच टाकाऊ नाही. तिच्यातलं पहिलं नाव बरोबर आहे. नोव्हेंबर ते मार्च, गाळप चालू असताना, रात्री बाराला परितेच्या भोगावती कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकीला सगळ्यात मोठा धोका उसाच्या ट्रॉलीचाच असतो. चुकतं ते त्याच्या पुढं. वाटेत बिनदिव्याची ट्रॉली भेटणार हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्यानं तिथं ऐंशीनं जायचं कसं?

हा हिशेब मुलाला कागदावर करायला लावा. फौंड्रीत काम करतो, आकड्यांचं त्याला वावडं नसणार. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढं काहीतरी दिसलं, ते काय आहे ते डोक्यात शिरलं आणि हात ब्रेकवर गेला, एवढ्याला जाग्या माणसालाही दीडेक सेकंद लागतो. तेवढ्यात ३३ मीटर गेले, गाडी अजून ऐंशीलाच आहे. मग कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, दोन्ही ब्रेक नीट लागले तर आणखी ३६ मीटर. म्हणजे थांबायला सत्तर मीटर. ६० चा वेग असेल तर २५ आणि २०, मिळून ४५. ५० असेल तर ३५.

आता डिपरचा उजेड. बल्ब चांगला आणि लाईटचा रोख बरोबर असला, तरी चिखलानं माखलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली ‘ही ट्रॉली आहे’ अशी ओळखू यायला साधारण ४०-५० मीटरच मिळतात. समजा पंचेचाळीस मिळाले. साठनं येणारा ट्रॉलीला चाटून का होईना, थांबतो. ऐंशीनं येणाऱ्याचे पहिले ३३ मीटर ब्रेक लागायच्या आधीच गेलेले असतात. उरलेल्या १२ मीटरमध्ये, कितीही सराईत हात असला तरी, वेग ८० वरून ६५ पर्यंतच उतरतो. म्हणजे ६५ नं लोखंडी चौकटीवर. हात साफ असण्याचा उपयोग होतो तो त्या बारा मीटरमध्ये, त्याच्या आधी काहीच नाही. आणि शिफ्टभर भट्टीजवळ काम करून रात्री उशिरा निघालेल्या माणसाचा दीड सेकंद हा दीडच राहतो असं आम्ही तरी धरणार नाही.

रस्ता ओला असला तर हे सगळं आणखी बिघडतं. पाऊसच पाहिजे असं नाही. हंगामात रस्त्यावर पाचट पडतं, शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल येतो, कारखान्याच्या आसपास मळी सांडते. तिच्यावर दुचाकीचं टायर साबणावर गेल्यासारखं जातं.

वेळ वाचतो, हे मुलाचं उत्तर ठरलेलं असणार. त्याच्या पंचवीस किलोमीटरमध्ये गावं, फाटे, स्पीड ब्रेकर आणि कोल्हापूर शहर वजा केलं तर ऐंशीनं पळवता येईल असा रस्ता बारा किलोमीटर धरू, तेही सढळ हातानं. बारा किलोमीटर ८० नं नऊ मिनिटांत होतात, ५५ नं तेरा मिनिटांत. चार मिनिटं. घरातून निघताना हेल्मेट आणि चावी शोधण्यात याहून जास्त जातात.

त्याला ‘हळू जा’ एवढंच म्हणत राहू नका. असल्या वाक्यांचा दुसऱ्या दिवशी काही उपयोग होत नाही. दोन आकडे ठरवून द्या : अंधार पडल्यावर डिपरवर ५०, दिवसा ६०. दुसरा आकडा आमच्या मनचा नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत अशा साध्या रस्त्यावर दुचाकीला कमाल ६०, चौपदरी महामार्गावर ८० आहे. जागेवरचा फलक त्याहून कमी सांगत असेल तर फलक पाळायचा. पंधरा दिवस तो आणि तुम्ही दोघंही घरी पोहोचल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वाद आपोआप चार मिनिटांवर येईल.

आता ट्रॅक्टरशी वागायचं कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या रस्त्यावर पोराचा जीव वाचवणारी माहिती हीच आहे.

भरलेला ट्रॅक्टर १५ ते २० नं चालतो. मागून ७० नं येणाऱ्याला तो जवळजवळ उभाच असतो, दोघांच्या वेगातला फरक ५५, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पंचेचाळीस मीटरवर दिसला तर हातात तीन सेकंद. त्यात ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये गाणी मोठ्यानं लावलेली असतात, त्यामुळं तुमचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. तो मुद्दाम वाट अडवतोय असं समजून चिडण्यात अर्थ नाही. अप्पर-डिपर दोनदा मारा, त्यानं मान वळवली किंवा बाजूला घेतलं तरच पुढं चला.

ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी पंधरा मीटरच्या घरात जाते. आपण ४५ नं आणि तो १५ नं असताना मागून निघून त्याच्या पुढं नीट आत यायला साडेचार सेकंद लागतात. त्यात आपण ५५ मीटर पुढं जातो आणि समोरून ८० नं येणारी गाडी शंभर मीटर जवळ येते. वर थोडी शिल्लक धरली तर दोनशे मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. विजेचे खांब साधारण पन्नास मीटरवर असतील तर चार खांब. आपल्या रस्त्यावर पावलं टाकून एकदा मोजून घ्या, मग रोज खांब मोजता येतात. वळणावर, चढाच्या माथ्यावर, ओढ्याच्या पुलावर चार खांब दिसत नाहीत. तिथं मागंच राहायचं, निदान वीस मीटर. दुसऱ्या ट्रॉलीला चिकटून गेलं की समोरचं काहीच दिसत नाही, शिवाय ती शेपटीसारखी हलते आणि बाजूनं बाहेर आलेला ऊस थेट खांद्याच्या उंचीला असतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टर डावीकडं सरकणं. मागच्याला वाटतं, वाट दिली. बऱ्याचदा त्याला उजवीकडं शेतात, वजनकाट्याकडं किंवा कारखान्याच्या गेटात वळायचं असतं आणि दोन ट्रॉल्या वळवायला तो आधी डावीकडून जागा घेतो. त्याच क्षणी उजवीकडून दुचाकी घुसली की ती ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकासमोर जाते. त्यामुळं उजव्या हाताला गाडीवाट, काटा किंवा गेट दिसत असेल आणि ट्रॅक्टर हळू झाला असेल तर ओव्हरटेक करायचाच नाही.

उतारावर वेगळी भानगड. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरनं ब्रेक लावला तरी मागचं वजन त्याला ढकलत राहतं, कधी ट्रॉली आडवी फिरते. उतारावर भरलेल्या ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन लगेच ब्रेक मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आणि दगड. ट्रॉली पंक्चर झाली किंवा हुकाची पिन तुटली की चाकाखाली दगड लावतात. काम झालं की ट्रॅक्टर निघून जातो, दगड रस्त्यातच राहतो. डांबराच्याच रंगाचा, नारळाएवढा. पुढच्या चाकाला तो लागला की ५० नं सुद्धा हँडल हातातून सुटतं. यावर उपाय एकच, उजेडाच्या आत वेग ठेवणं. समोरून कुणी अप्पर मारून डोळे दिपवले तर त्या उजेडाकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडं बघायचं आणि वेग लगेच १० नं उतरवायचा.

आता यजमानांच्या यादीतली बाकीची मंडळी. वडापवाल्याचा धोका प्रवाशाच्या हातात असतो. कडेला कुणी हात वर केला की वडाप जागेवर थांबतं, इंडिकेटर नाही, आरसा नाही. म्हणून वडापच्या मागं जाताना वडापकडं कमी आणि पुढच्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसांकडं जास्त बघायचं. केए पासिंग किंवा कुठल्याही परगावच्या गाडीत बहुतेक वेळा मोबाईलच्या नकाशावर अंबाबाईच्या देवळाची वाट शोधणारा माणूस असतो. तो चौक ओलांडता ओलांडता विचार बदलतो. त्याला थोडी जागा सोडली की झालं, शिव्या देऊन त्याला वाट सापडत नाही. आणि बेळगाव-निपाणीकडं गेल्यावर आपल्या कोल्हापूरच्या एमएच ०९ बद्दल तिथले लोक काय बोलतात, तेही यजमानांनी एकदा ऐकावं.

एसटी आणि ट्रकच्या बाबतीत त्यांच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसतो का ते बघायचं. दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही.

यादीत नसलेले दोघे मात्र आम्ही घालू. एक, मोपेडवर वैरणीचा भारा घेऊन जाणारा. त्याला मान वळवून मागं बघता येत नाही, आरसा भाऱ्याआड गेलेला असतो, वाऱ्याच्या झोतानं तो हातभर सरकतो. त्याला हॉर्न मारून दचकवू नये. दुसरा गट मुलाच्याच ओळखीचा आहे : शिफ्ट सुटल्यावर महामार्गावरून पुढं जाऊन वळून यायचा कंटाळा म्हणून उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले. आपण ६० नं, तो ४० नं, टक्कर शंभरची. यात ट्रॅक्टरवाला नाही, बाई नाही, केए नाही. आपलीच पोरं, आपलीच युनिफॉर्मची शर्टं. मुलगा स्वतः हे करतो का, ते विचारा. यजमानांच्या समोरच विचारा.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशात अपघातांत गेलेल्यांचा आकडा १,६८,४९१ आहे. त्यात ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत आणि ४४ टक्क्यांहून जास्त मृत दुचाकीवरचे. आता पोलिस अतिवेगाच्या रकान्यात बरंच काही टाकतात, हे आम्हालाही माहीत आहे, त्यामुळं ७१ चा आकडा देवाचा शब्द म्हणून घेऊ नका. पण अर्धा केला तरी तो लहान होत नाही.

राहिल्या बायका, म्हणजे तुम्ही. स्कूटर सोडू नका. बायकांच्या गाडी चालवण्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं काही डोळ्यांनी दिसतंही : पाय खाली घासत जाणं, इंडिकेटर चालू राहून जाणं, वळताना मागं न बघणं. पण हे शिकवण्यातलं आहे. मुलगा सोळाव्या वर्षापासून मित्रांच्या गाड्यांवर हात साफ करतो, बाईला पस्तिशीत घरातलाच कुणी दोन संध्याकाळी गल्लीत चालवून दाखवतो, त्यात ब्रेक कसा मारायचा हे येतच नाही. असं शिकलेला पुरुषही अगदी असाच चालवतो.

रंकाळ्याजवळच्या हॉर्नवर मात्र एक काम करता येईल. घाबरलेला माणूस रस्त्याच्या अगदी कडेला सरकतो. तिथं वाळू, खड्डे, उभ्या गाड्यांची उघडणारी दारं, सगळं असतं, मग अचानक आत यावं लागतं आणि मागचा हॉर्न मारतो. त्यापेक्षा कडेपासून मीटरभर आत, एका रेषेत, ३५-४० चा वेग धरून चाला. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून उघड्या दाराएवढं अंतर ठेवा. दोन्ही आरसे असे लावा की आरशाच्या आतल्या कडेला आपला दंड जेमतेम दिसेल आणि बाकी सगळा मागचा रस्ता. इंडिकेटर वळायच्या तीस मीटर आधी द्या, वळल्यावर अंगठ्यानं बंद करा. गाडी हलली की पाय वर. मागचा फारच घाईत असेल तर पुढं जागा मोकळी झाल्यावर त्याला जाऊ द्या, जागा नसताना मात्र कडेला सरकू नका. सावकाश चालवणं हा गुन्हा नाही. न सांगता थांबणं आणि न बघता वळणं यानंच माणसं पडतात. पदर किंवा ओढणी दोन्ही टोकांनी खोचलेली असावी, हे तुम्हाला सांगायला नको.

धाकट्याचं मात्र आजच थांबवा, इथं चर्चेला जागा नाही. सोळा पूर्ण झालेल्याला लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमची स्कूटर ११० किंवा १२५ ची असणार. तो सापडला किंवा त्याच्या हातून काही झालं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी तुमच्या नावावर आहे, हे लक्षात घ्या. थोरल्याच्या वेगाचा दंड त्यामानानं किरकोळ, कलम १८३ खाली हजारापासून दोन हजारांपर्यंत. दुसऱ्यांदा सापडला तर लायसन्स जप्त होऊ शकतं आणि नोकरीला जाणाऱ्या पोराला पैशापेक्षा तेच जड जातं.

थोरल्याच्या गाडीची एका रविवारी तपासणी करा. १२५ सीसीवरच्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, सक्तीचं आहे, पण या दर्जाच्या बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी घसरते. ‘पुढचा ब्रेक मारला की पलटी होते’ या भीतीनं पोरं मागच्यावरच भिस्त ठेवतात, आणि थांबवण्याचं बहुतेक काम तर पुढचा ब्रेक करतो. रिकाम्या, कोरड्या, सरळ जागेत ३० च्या वेगानं येऊन एका खुणेपासून दोन्ही ब्रेक एकदम, पण दाब वाढवत वाढवत लावायचे, हँडल सरळ ठेवून. किती मीटरवर थांबली ते पावलांनी मोजायचं. दहा-बारा वेळा झालं की ४० वर. ज्याचा हात खरोखर साफ आहे त्याला हे करायला लाज वाटू नये.

हवा टायर थंड असताना, चेनकव्हरजवळच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. मागचं टायर मधोमध सपाट झालं असेल तर पावसाळ्याची वाट न बघता बदला. लाईटचा रोख बघायला गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करा, त्यावर नेहमीचा माणूस बसवा. डिपरच्या उजेडाची वरची कड लाईटच्या उंचीपेक्षा चार-पाच बोटं खाली पडली पाहिजे. वर पडत असेल तर समोरच्याला दिपतं, फार खाली असेल तर आपल्याला पंचेचाळीसऐवजी वीस मीटरच मिळतात. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं, पट्ट्याखाली दोनच बोटं जातील इतकं. काच पांढरी. काळ्या काचेनं रात्री निम्मा उजेड आपणच घालवतो. चरे पडलेली काचही बदला, समोरच्या लाईटनं ती चांदण्यासारखी चमकते.

शेवटी यजमानांना काम. ट्रॅक्टरवाल्यांवर त्यांचा राग आहे ना? रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी दिसली की ११२ ला फोन करून फाटा किंवा गाव सांगायचं. आणि ऊस वाहतुकीचा करार कारखान्याशी असतो, त्यामुळं ट्रॉलीचा नंबर घेऊन कारखान्याच्या गट ऑफिसला तक्रार द्यायची. सभासद असतील तर वार्षिक सभेत विचारण्याचा हक्कही आहेच. गावातल्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरची पट्टी हंगामाआधी त्यांनीच लावून घ्यावी : दोन इंच रुंद, मागं लाल, बाजूला पिवळी. एका ट्रॉलीला मागं तीनेक मीटर आणि प्रत्येक बाजूला चार-पाच मीटर पुरते. गंज आणि चिखल वायर ब्रशनं काढून, थिनरच्या फडक्यानं पुसून, वाळल्यावरच चिकटवायची, नाहीतर आठवड्यात सुटते. मागची पट्टी फळीवर लावू नये, भरलेल्या उसाचे शेंडे तिच्यावर लोंबतात आणि ती झाकली जाते. खाली, चासिसच्या आडव्या पट्टीवर लावावी.